ओटीटीसाठी शूटिंग आणि फुटेजची साठवण: कोल्हापुरातल्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

मी कोल्हापुरात सेटवर डेटा सांभाळायचं काम करतो. कॅमेऱ्यातून निघालेलं कार्ड ताब्यात घ्यायचं, ते उतरवून घ्यायचं, तपासायचं आणि मगच कॅमेरावाल्याला परत द्यायचं. वेबसिरीज, शॉर्टफिल्म, लग्नं, कुस्तीची मैदानं, सगळीकडं काम हेच. फोनवर प्रश्नही तेच तेच येतात, बहुतेक रात्री अकरानंतर आणि बहुतेक काहीतरी बिघडल्यावर. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. प्लॅटफॉर्मचे नियम बदलत असतात, तेव्हा करार हातात पडला की त्यातली तांत्रिक पुरवणी आधी वाचा आणि मग हे.

ओटीटीला द्यायचं तर ४के पाहिजेच का?

नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या कथाप्रधान निर्मितीला पाहिजेच. त्यांची मान्यताप्राप्त कॅमेऱ्यांची यादी आहे आणि अंतिम लांबीतला ९० टक्के भाग त्या यादीतल्या कॅमेऱ्यांवर शूट झालेला असावा अशी अपेक्षा असते. रेकॉर्डिंग किमान ३८४० पिक्सेल रुंद, किमान १० बिट, रंगाचा तपशील किती जपला जातो ते सांगणारं प्रमाण ४:२:२ किंवा त्याहून चांगलं, प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवणारा कोडेक (चित्र दाबून साठवायची पद्धत) आणि सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीला किमान २४० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), नाहीतर सरळ रॉ, म्हणजे सेन्सरवरचा कच्चा माल. उरलेल्या १० टक्क्यांत ड्रोन आणि गाडीच्या बॉनेटवर चिकटवलेला छोटा कॅमेरा बसवायचा. माहितीपटांना यात सवलत असते. तयार झालेला चित्रपट कोणी परवान्यावर घेत असेल तर हीच अट जशीच्या तशी लागत नाही.

एक गोंधळ नेहमीचा. ४के दोन आहेत, ३८४० बाय २१६० टीव्हीचं आणि ४०९६ बाय २१६० थिएटरचं. ओटीटीला पहिलं चालतं. अर्धं शूट एकात, अर्धं दुसऱ्यात केलेली एक शॉर्टफिल्म माझ्याकडं आली होती. एडिटरनं हात जोडले.

करार नसेल आणि स्वतःच्या पैशानं करत असाल, तर कॅमेऱ्याच्या भाड्यात सगळे पैसे घालू नका. महागडा कॅमेरा आणि एकच डिस्क असलेल्या युनिटपेक्षा मध्यम कॅमेरा आणि तीन डिस्क असलेलं युनिट मला कधीही आवडतं.

८ बिट आणि १० बिट यात डोळ्याला काय फरक दिसतो?

८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. संध्याकाळी रंकाळ्यावर आभाळ घ्या. केशरी रंग निळ्यात हळूहळू उतरतो. ८ बिटवर कलर करताना थोडं ओढलं की त्या उतारावर पट्टे पडतात, साडीच्या काठासारखे. त्यातही लॉगमध्ये (नंतर रंग करायला मुद्दाम फिकट घेतलेलं चित्र) ८ बिट शूट केलं असेल तर देवच राखो. कॅमेरा ८ बिटच असेल तर लॉग बंद ठेवा आणि जागेवरच एक्सपोजर नीट करा.

२४ फ्रेम की २५?

प्लॅटफॉर्मनं सांगितलं असेल ते. सांगितलं नसेल तर मी २५ सुचवतो. कारण आपल्याकडची वीज.

मागच्या एका हंगामात करवीर तालुक्यात गुऱ्हाळावर रात्रीचा सीन होता. काहिलीतला रस उकळतोय, वाफ छतापर्यंत गेलेली, गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघतोय, मागं चुलवणात चिपाड सारायचं चाललंय. फ्रेम बघून सगळे खूश. प्रकाश चुलवणाचा आणि वर दोन जुन्या ट्यूबा, चोकवाल्या. कॅमेरा २४ फ्रेमवर, शटर १/४८. मॉनिटर छोटा असल्यामुळं जागेवर कोणाला कळलं नाही. घरी मोठ्या स्क्रीनवर लावलं तेव्हा वाफ श्वास घेतल्यासारखी उजळत आणि मंद होत होती.

झालं काय, तर आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते. १/५० सेकंद शटर उघडं राहिलं तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला बरोबर दोन झळाळ्या येतात. १/४८ ला दोन आणि वर थोडा तुकडा येतो, आणि तो तुकडा दर फ्रेमला वेगळा. २५ फ्रेम आणि १८० अंशाचं शटर (फ्रेमच्या वेळेतला अर्धा वेळ उघडं) घेतलं की आपोआप १/५० होतं. २४ वरच शूट करायचं असेल तर शटर १७२.८ अंशांवर ठेवा, हिशेब तोच येतो. स्वस्तातल्या एलईडीची लुकलुक वेगळ्याच गतीची असू शकते आणि जनरेटरवर हर्ट्झ जागचा हलतो, तेव्हा टेस्ट घेऊन मोठ्या स्क्रीनवर बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आणि २४ म्हणजे २४ की २३.९७६, हे आवाजवाल्याला पहिल्याच दिवशी विचारा. फरक हजारात एक, पण तासाभराच्या सलग रेकॉर्डिंगला ३.६ सेकंद होतात. ओठ आणि शब्द यांची फारकत व्हायला एवढं पुष्कळ झालं.

मोबाईलवर शूट केलेलं चालतं का?

यूट्यूबला चालतं. मात्र साधं कॅमेरा ॲप फ्रेमची गती मध्येच कमीजास्त करतं, अंधार पडला की हमखास. मग एडिटिंगला बसल्यावर आवाज सरकत जातो. गती आणि शटर लॉक करणारं ॲप वापरा. आणि फोनमधून फुटेज व्हॉट्सॲपवर पाठवू नका, केबल लावा. हे आजही सांगावं लागतं.

आवाजासाठी काय नियम?

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ३२ बिट फ्लोटचं मशीन असेल तर उत्तम, कारण पैलवान अचानक शड्डू ठोकतो तेव्हा लेव्हल धरायला वेळ मिळत नाही.

मिक्सची पातळी प्लॅटफॉर्मप्रमाणं बदलते. नेटफ्लिक्सला संवादांच्या आधारे मोजलेली सरासरी उणे २७ एलकेएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) लागते, दोन एककं इकडंतिकडं चालतात, आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे २ च्या वर जाता कामा नये. युरोपातल्या प्रसारणाचं प्रमाण उणे २३ आहे. यूट्यूब मोठा आवाज उणे १४ च्या आसपास खाली ओढतं. एकाच मिक्सवर सगळीकडं भागवायचं म्हटलं तर कुठंतरी फटका बसतोच. मिक्स करणाऱ्याला तीन वेगळ्या प्रती आधीच सांगून ठेवा, नंतर सांगितलं की तो तीन वेगळी बिलं देतो.

प्रत्येक ठिकाणी माणसं गप्प उभी करून तीस सेकंद तिथली शांतता रेकॉर्ड करा. गुऱ्हाळाची शांतता आणि बंगल्याची शांतता वेगळी असते.

कार्ड उतरवायची नेमकी पद्धत काय?

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, म्हणून जरा सविस्तर.

कार्ड कॅमेऱ्यातून निघालं की लगेच त्याचं लिहिण्याचं कुलूप लावा, असेल तर. डबीवर लाल पट्टी. लाल म्हणजे आत माल आहे. हे कार्ड फक्त एकाच माणसाच्या हातात जाईल. खिशात, सिगारेटच्या पाकिटात किंवा मेकअपच्या पेटीवर ते कधीच ठेवायचं नाही. रिकामं आणि तपासलेलं कार्ड हिरव्या पट्टीचं. हिरवी पट्टी लावायचा अधिकार फक्त डेटावाल्याला, दिग्दर्शकालाही नाही.

कॉपी करताना माऊसनं ओढून टाकायचं नाही. चेकसम काढणारं सॉफ्टवेअर वापरा. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतही क्लोन टूल आहे, तेवढ्यावरही काम भागतं. कार्डाचा अख्खा फोल्डर, आतल्या बारीकसारीक फाईलींसकट, जसाच्या तसा घ्या. फक्त व्हिडिओ उचलून बाकीचं सोडलं की काही कॅमेऱ्यांचे लांबलेले शॉट पुढं जोडले जात नाहीत. एकाच वेळी दोन डिस्कवर उतरवा आणि जमलं तर तिसऱ्यावरही.

चेकसम म्हणजे काय? साईज जुळली की पुरे नाही का?

मार्केट यार्डात गुळाचे रवे मोजून घेतले, शंभरच्या शंभर भरले. पण वजन केलं का? एखादा रवा आतून ओला निघाला तर मोजणीत तो कळत नाही. फाईलची साईज म्हणजे रव्यांची मोजणी. चेकसममध्ये फाईलचा एकेक बिट वाचून त्यावरून एक ठरावीक लांबीचा आकडा काढतात. एमडी५ पद्धतीत तो ३२ अक्षरांचा येतो. मूळ कार्डावरून काढलेला आकडा आणि डिस्कवरच्या प्रतीवरून काढलेला आकडा जुळला, तर माल तोच. एक बिट जरी बदलला तरी आकडा ओळखू येणार नाही इतका बदलतो. सेटवर एमडी५ पेक्षा एक्सएक्सहॅश बरं, काम तेच आणि वेग कितीतरी जास्त.

हे आकडे एमएचएल नावाच्या यादीत साठवतात. ती यादी फुटेजबरोबरच ठेवा. पाच वर्षांनी डिस्क उघडाल तेव्हा माल शाबूत आहे की नाही हे तीच सांगेल.

कार्ड लगेच फॉरमॅट केलं तर काय होतंय?

माझं काय झालं ते सांगतो. सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. दोन कॅमेरे, चार कार्डं, पुढचा सीन उभा आणि कॅमेरावाला डोक्यावर. मी कार्ड ओढून टाकलं, साईज बघितली, जुळली. कार्ड दिलं. त्यानं फॉरमॅट मारून पुढचा सीन घेतला. संध्याकाळी क्लिप लावून बघितल्या तर शेवटची क्लिप अकरा सेकंद चालली आणि पुढं नुसता हिरवा रंग. केबल सैल होती. फाईलनं जागा पूर्ण धरलेली, म्हणून साईज बरोबर दिसत होती, पण आत माल भरलेलाच नव्हता. त्या क्लिपमध्ये एका वयस्कर नटाचा एकमेव चांगला टेक होता. ते दुसऱ्या दिवशी आले, पुन्हा केलं, एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून नियम असा. दोन डिस्क, दोन्हींचे चेकसम जुळलेले आणि प्रत्येक क्लिपची सुरुवात, मध्य आणि शेवट डोळ्यांनी बघितलेला. त्यानंतर हिरवी पट्टी. मोठे प्लॅटफॉर्म एलटीओ टेपवर (डेटा साठवायची चुंबकीय टेप) प्रत गेल्याचीही खात्री मागतात. आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं, लॅपटॉपवर कधीच नाही.

जागा किती लागते हो?

२४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३० एमबी, तासाला १०८ जीबी. प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये (ॲपलचा एडिटिंगला सोपा कोडेक) ४के, २५ फ्रेम शूट केलं तर तासाला साधारण ३३० जीबी. तोच कोडेक १०८० पी ला तासाला ८३ जीबीच्या आसपास. दिवसाला तीन तास फुटेज धरा, दहा दिवसांचं शूट धरा. ४के प्रोरेसमध्ये दहा टीबी झाले. आता गुणिले तीन प्रती.

निर्मात्याला हा आकडा शूटच्या आधी सांगा. शूट सुरू झाल्यावर सांगितलात तर तो म्हणणार, दोनच प्रती करा. मग एकच.

तीन प्रती कशासाठी? दोन बास की.

३-२-१ हा जगभर मानलेला हिशेब आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या दोन डिस्क एकाच कपाटात ठेवल्या तर त्यांना दोन प्रती म्हणायचं मला जड जातं.

दुसरी जागा म्हणजे कुठली? शाहूपुरीत एक आणि लक्ष्मीपुरीत एक ठेवली तर?

नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं काय केलं ते आठवा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा नदीच्या बाजूच्या सखल भागात तळमजल्यावर ठेवलेल्या कितीतरी वस्तूंबरोबर लग्नांच्या डिस्कही गेल्या. पूर ओसरल्यावर लोक सोन्याआधी अल्बम विचारत होते.

एक प्रत उंचावरच्या भागात, वरच्या मजल्यावर आणि एक शहराबाहेर, असं करा. माझी तिसरी प्रत पुण्यात नातेवाइकांच्या लॉफ्टवर आहे. पूर आला तर हायवे बंद होतो, म्हणून ती पावसाळ्याच्या आधी पोचवायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात आंबे आणि डिस्क एकाच पिशवीत जातात.

पाऊस आतूनही त्रास देतो. आपल्याकडच्या चार महिन्यांत लेन्सला आणि जुन्या टेपांना बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढ्यानंही पुष्कळ काम होतं. जेलचा रंग बदलला की तापवून परत टाका.

हार्ड डिस्क, एसएसडी की एलटीओ?

शूटवर एसएसडी, वेगासाठी. पण ती वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नाही. आतला विद्युतभार हळूहळू उतरतो, माल जाऊ शकतो.

एडिटिंग होईपर्यंत आणि नंतरची दोनचार वर्षं हार्ड डिस्क. स्वस्त पडते. पण ती फिरणारी वस्तू आहे, नुसती ठेवून दिली तर अडकू शकते. वर्षातून दोनदा तरी लावा. मी पाडव्याला आणि दसऱ्याला लावतो. दसऱ्याला हत्यारांची पूजा असतेच, डिस्कची पण करतो आणि मग सगळ्यांचे चेकसम पुन्हा काढतो. दिवसभर मशीन चालू असतं.

दीर्घकाळासाठी एलटीओ टेप. एलटीओ-८ मध्ये १२ टीबी बसतं, एलटीओ-९ मध्ये १८. टेपचं आयुष्य तीस वर्षांपर्यंत धरतात. टेप डिस्कपेक्षा स्वस्त, पण ड्राइव्ह महाग, लाखांत. म्हणून एकट्यानं घेऊ नका. चारपाच जणांनी मिळून घ्या किंवा काम बाहेरून करून घ्या. लिहून घेताना एलटीएफएस पद्धतीनंच घ्या. मग टेप कुठल्याही ड्राइव्हवर फोल्डरसारखी उघडते. एखाद्या कंपनीच्या खास सॉफ्टवेअरमध्ये लिहिली तर उद्या ते सॉफ्टवेअर शोधत बसाल.

आणि पिढ्यांचं लक्षात ठेवा. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेपा वाचायचे. एलटीओ-८ चा ड्राइव्ह ७ पर्यंतच मागं जातो आणि ९ चा ड्राइव्ह ८ पर्यंत. टेप तीस वर्षं टिकेल, पण ती वाचणारं मशीन तोवर भंगारात गेलेलं असेल. दर सातआठ वर्षांनी नव्या पिढीवर उतरवायचा खर्च आत्ताच धरा.

क्लाउडवर टाकलं तर ही सगळी कटकट वाचेल ना?

४ टीबी फुटेज १०० एमबीपीएसच्या अपलोडवर चढवायला साधारण ८९ तास लागतात. म्हणजे पावणेचार दिवस, वीज आणि नेट एकदाही न जाता. अंतिम मास्टर, प्रोजेक्ट फाईल, सबटायटल, करार यांसाठी क्लाउड उत्तम. सगळ्या कच्च्या फुटेजला परवडतंय का ते बघा. आणि भाडं थकलं की ते काढून टाकतात, हेही वाचा. खाते कोणाच्या ईमेलवर आहे? ज्याच्या ईमेलवर होतं तो पोरगा आता दुबईत आहे, असा एक फोन मला आलेला आहे.

यूट्यूबवर आहेच की. तेच आर्काइव्ह नव्हे का?

नव्हे. तुम्ही चढवलेली फाईल ते पुन्हा दाबून छोटी करतात. लोकांना दिसतं ती त्यांची प्रत. ती परत उतरवून मास्टर करायचा म्हणजे चहा गाळून चहापत्ती परत मिळवायची. प्रेक्षकांपर्यंत पोचायला यूट्यूब छान आहे, तेवढ्यासाठीच ठेवा.

कुस्तीचं लाईव्ह करतो. त्यात काय जपायचं?

खासबाग असो की एखाद्या जत्रेतलं मैदान, अडचण एकच. बाहेर जाणारा प्रवाह ६ एमबीपीएसच्या आसपास असतो आणि बरेच जण तेवढाच साठवतात. निकाली कुस्ती लागते, धूळ उडते, लोक आत धावतात, नेमक्या त्या क्षणी चित्राचे चौकोन होतात, कारण इतक्या हालचालीला ६ एमबीपीएस पुरत नाहीत. डाव कुठला लागला तेच दिसत नाही.

म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यात कार्ड टाकून आतच रेकॉर्डिंग चालू ठेवा. लॅपटॉपवर ओबीएस या लाईव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये स्थानिक रेकॉर्डिंग वेगळं लावा, ५० एमबीपीएसवर. तासाला साडेबावीस जीबी, काहीच नाही. आणि फाईलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. साधी एमपी४ फाईल बंद होताना तिची अनुक्रमणिका लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर अनुक्रमणिकाच नाही आणि अख्खी फाईल उघडत नाही. एमकेव्ही जिथवर झाली तिथवर चालते. नंतर ओबीएसमध्येच तिची एमपी४ करता येते, दर्जा न घटवता.

निवेदकाचा आवाज आणि मैदानाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या. हलगीचा आवाज निवेदकाखाली चेपला गेला की पुन्हा वर काढता येत नाही.

शेवटी काय काय जपून ठेवायचं? सगळंच?

जागा कमी असेल तर पहिल्या मानाचं हे: रंगसंस्कार झालेला मास्टर, रंगसंस्कार न झालेला पण पूर्ण कापलेला मास्टर, संवाद-संगीत-परिणाम वेगवेगळे ट्रॅक, पडद्यावरच्या अक्षरांशिवायची प्रत, सबटायटल आणि प्रोजेक्ट फाईल. रंग न केलेला मास्टर लोक विसरतात. उद्या याहून उजळ, याहून जास्त रंग दाखवणारे पडदे येतील, तेव्हा नव्यानं कलर करायला तोच लागतो. अक्षरांशिवायची प्रत नसेल तर हिंदी डबिंगला विकताना 'मध्यंतर' ही पाटी पुसत बसावं लागतं.

मोठे प्लॅटफॉर्म अंतिम माल आयएमएफ पॅकेजमध्ये मागतात. त्यात चित्र, आवाज, सबटायटल वेगवेगळे राहतात आणि कुठल्या आवृत्तीत काय वाजवायचं याची एक यादी असते. मराठी आणि हिंदी आवृत्तीत फक्त आवाज बदलत असेल तर चित्र पुन्हा द्यावं लागत नाही. हे पॅकेज घरच्या मशीनवर करायच्या भानगडीत पडू नका, जाणकाराकडून करून घ्या.

कागद विसरू नका. नटांचे करार, गाण्याचे हक्क, ठिकाणाची परवानगी. स्कॅन करून त्याच डिस्कवर ठेवा. माल शाबूत आणि हक्काचा कागद नाही, म्हणून विक्री अडलेली मी बघितली आहे.

मास्टर कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवू?

प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा त्याहून वरचा, सगळे उघडू शकतात म्हणून. ज्यांना एक बिटही गमवायचा नाही त्यांनी एमकेव्हीमध्ये एफएफव्ही१. तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, त्याचं लिखित प्रमाण २०२१ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झालं आहे आणि जगातले अनेक संग्रह तो वापरतात. शिवाय त्यात चेकसम फाईलच्या आतच बसतो, बिघाड झाला तर कुठं झाला तेही समजतं. एच.२६४, म्हणजे नेहमीचा दाबून छोटा केलेला व्हिडिओ, फक्त दाखवायला.

घरात मिनी डीव्ही आणि व्हीएचएस टेपा आहेत. काय करू?

आधी उतरवून घ्या, मग बाकीचं. मिनी डीव्ही फायरवायर केबलनं घेतली तर टेपवरचा डिजिटल माल जसाच्या तसा येतो, तासाला साधारण १३ जीबी. दुकानदार थेट डीव्हीडी करून देतो म्हणाला तर नको म्हणा. चित्रात आडव्या कंगव्यासारख्या रेषा दिसतील, त्या इंटरलेसिंगच्या. मूळ प्रतीत तशाच ठेवा. घालवायच्या त्या बघायच्या प्रतीत घालवा. बुरशी दिसली तर टेप प्लेअरमध्ये टाकूच नका, टेपही खराब होईल आणि मशीनचं हेडही.

आणि माळ्यावर फिल्मचे जुने डबे निघाले, १९५०च्या आधीचे, तर ते घरात ठेवू नका. ती झटकन पेट घेणारी जुनी नायट्रेट फिल्म असू शकते. ती पेटली तर पाण्यानं विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातूनच सुटतो. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. १९६४ पासून त्यांचं कामच ते आहे.

कोल्हापूरचे मूकपट कुठं बघायला मिळतील?

हा प्रश्न चित्रनगरीत शूटला आलेली मुलं विचारतात. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० ला 'सैरंध्री' पडद्यावर आला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, जाता येता दिसतं. 'सैरंध्री' मात्र बघता येत नाही, तो उरलेलाच नाही. कंपनीचे बहुतेक मूकपट असेच गेले. १९२९ ला इथंच सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. १९३२ चा त्यांचा 'अयोध्येचा राजा' आजही पाहता येतो. १९४८ च्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठ्यांना आग लागली.

त्या काळी दुसरी प्रत काढायची म्हणजे अख्खी फिल्म पुन्हा धुवायची. आपल्याला एक केबल आणि रात्रभर चालू ठेवलेला लॅपटॉप लागतो.

डिस्कवर नाव काय लिहायचं?

प्रोजेक्टचं छोटं नाव, तारीख वर्षापासून सुरू करून, कॅमेऱ्याचं अक्षर, कार्डाचा क्रमांक. फोल्डरची नावं रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता, कारण काही जुनी सॉफ्टवेअर देवनागरीला अडखळतात. बाहेरच्या चिठ्ठीवर मात्र मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. पेन्सिल नको, उडून जाणारा मार्करही नको. प्रत किती नंबरची आणि बाकीच्या दोन कुठं आहेत तेही त्याच चिठ्ठीवर.

आणि 'फायनल' हा शब्द लिहू नका. माझ्या कपाटात आत्ता एका शॉर्टफिल्मच्या चार डिस्क आहेत. फायनल, फायनल नवीन, फायनल खरं आणि फायनल दादांनी सांगितलेलं. चारही लावून बघितल्या. सबटायटल असलेली एकच निघाली, 'फायनल नवीन'. तिचं नाव बदलून तारीख घातली. बाकीच्या तीन ठेवल्यात, दादांना विचारल्याशिवाय पुसत नाही.